पाच वाजताचा पडदा

आपल्याला नोकरी लागली, हे धाकटीने जेवताना सांगितलं, तेव्हा दादाचा घास हातातच राहिला वगैरे असं काही झालं नाही. तो तोंडभर हसला. "अगं वा! जा की. कोण अडवतंय तुला?" म्हणाला. मग पाण्याचा एक घोट घेऊन म्हणाला, "फक्त एवढा हंगाम पार पडू दे."

एवढा हंगाम! बारा वर्षं झाली, हेच ऐकत होती बिचारी. नवऱ्याशी फाटलं आणि एक पेटी घेऊन ती भावाच्या दारात उभी राहिली, तेव्हाही एका हंगामापुरतीच आली होती. पण घरच्या रोपवाटिकेत हंगाम कधी पार पडतो का हो? हिवाळी सुट्ट्यांतल्या सजावटीची लाल झाडं दुकानांत गेली न गेली, तोच वसंताच्या फुलांच्या बिया ट्रेमध्ये पेरायच्या. ती रोपं लोकांच्या बागांत लागली की उन्हाळ्यातली कलमं. कलमांना मुळं फुटतात तोवर लाल झाडांच्या कोवळ्या काड्या पुन्हा दारात हजर. यात माणसाने आपलं सामान आवरायचं कधी?

आणि सगळ्यांत जीवघेणं ते लालपान. कागदोपत्री त्याचं नाव पॉइन्सेटिया, पण घरात सगळे लालपानच म्हणायचे. शेंड्याकडची त्याची पानं लालभडक होतात, लोक त्यालाच फूल समजतात आणि सुट्ट्यांत दाराशी, खिडकीत, जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवतात. दिसायला झाड देखणं, पण महालहरी. शरदात त्याला रोज लांबलचक, सलग मिट्ट काळोख लागतो. मध्येच दिव्याची तिरीप आली की रुसलं, बसलं हिरवंच. म्हणून मोठ्या काचघरात तारांवरून जाड काळं कापड सोडलेलं होतं. संध्याकाळी पाचला ते ओढायचं, सकाळी आठला उघडायचं. सलग दोन महिने. त्यात रविवार नाही, ताप नाही, पाहुणेरावळे नाहीत.

हे काम धाकटीचं. बाबांनी आजारपणात अंथरुणावरूनच तिला पढवलं होतं, "पाच म्हणजे पाच आणि आठ म्हणजे आठ. एक दिवस चुकलीस तर आठवडा हातचा गेला समज." बाबा गेले, पण ते पाच आणि आठ तिच्या अंगात मुरले. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न असो की मावशीचं शेवटचं दुखणं असो, ही साडेचारला उठून निघायची. शेजारीपाजारी तिला घड्याळबाई म्हणायचे. तीही हसायची. हसेल नाही तर काय करेल?

नोकरी दोन तासांवरच्या शहरातल्या सार्वजनिक बागेत होती. वसंतातल्या ताटव्यांची आखणी करायची. ट्युलिप कुठे, डॅफोडिल कुठे, आधी कोणता रंग उमलेल आणि मागाहून कोणता. राहायला बागेच्या आवारातच एक खोली, तिची स्वतंत्र किल्ली. आणि सुटी चार वाजता! चार वाजता सुटून माणूस संध्याकाळभर करतो तरी काय, हे तिला नीट आठवेना. पण मुलाखतीहून परतताना बसमध्ये एकटीच हसत होती. अडचण एकच होती. वसंतातले कंद जमीन गोठायच्या आत पुरावे लागतात, त्यामुळे एक तारखेला हजर व्हायलाच हवं होतं.

"म्हणजे लालपान लाल व्हायच्या आधीच?" दादाने विचारलं.

"वहिनी ओढतील पडदा. मी शिकवते ना त्यांना."

वहिनीने नवऱ्याकडे एक नजर टाकली. "मला काय, ओढेन की," ती म्हणाली. वहिनी मनाने लाख चांगली. या घरात वाईट कोणीच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. कोणी टाकून बोललं असतं, जेवणाचा हिशेब काढला असता, तर धाकटी केव्हाच चालती झाली असती. पण इथे ती शिंकली तरी तीन पांघरुणं यायची. अशा घरातून पाय काढायचा म्हणजे काय चेष्टा आहे?

चार दिवस तिने वहिनीला डोळ्यांत तेल घालून शिकवलं. आधी उजवीकडची दोरी, मग डावीकडची. कोपऱ्यांना चिमटे. शेवटी आत काळोखात उभं राहून बघायचं, कुठे उजेड झिरपतोय का. पाचव्या दिवशी सकाळी पडदा उघडून, घडी घालून ती शहराला निघाली. कागदपत्रं आणि तब्येतीची तपासणी, असं तीन दिवसांचं काम होतं. दादा स्वतः बसथांब्यापर्यंत आला. खिडकीतून तिच्या हातात खाऊची पुडी देत म्हणाला, "इकडची काळजी सोड. मस्त फिर."

आणि ती फिरली हो! बागेच्या मुख्य बाईंनी तिला रिकामे वाफे दाखवले, कंदांची खोकी दाखवली, खोली दाखवली. खोलीला पश्चिमेची खिडकी होती. पाच वाजता ती त्या खिडकीशी नुसती उभी राहिली, हाताला काही काम नाही, आणि तिला रडूच फुटलं. इतकं छान तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सहाच्या सुमाराला ती परतली आणि पिशवी खांद्यावर तशीच ठेवून काचघरात शिरली. पडदा ओढलेला नव्हता. तेवढंच नाही, तो तिने घातलेल्या घडीतच होता. चिमटे दोरीवर तिनेच लावले होते तसेच, तोंडं एका बाजूला करून, ओळीने. तीन दिवसांत त्या कापडाला कोणाचं बोटही लागलं नव्हतं.

"अगं, हे म्हणाले मी बघतो," वहिनी धावत येऊन म्हणाली. "मला वाटलं, ओढला असेल."

दादा मागून आला. धाकटी त्याच्यावर अशी कडाडली की बाहेर गिऱ्हाईक होतं तेही चपापलं. "विसरलास? तिन्ही दिवस विसरलास? एवढं मोठं डोकं घेऊन हिंडतोस, त्यात एक पडदा मावत नाही तुझ्या?"

दादाने मान खाली घातली.

अठराशे झाडं होती. सगळ्या घराचं वर्ष त्यांच्यावर उभं होतं. धाकटी कुंड्यांच्या फळीवर मटकन बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. "मी आहे तोवर ही तऱ्हा, मी गेल्यावर काय होईल? आता मी जाऊ तरी कशी? सांग ना, कशी जाऊ?" दादा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "तू म्हणशील तसं," एवढंच म्हणाला. राहा असं त्या घरात तिला कोणीही म्हटलं नाही. ते तिचं तिनेच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिने बागेत फोन लावला आणि महिनाभराची सवड मागितली.

"अहो, मी थांबेन, पण जमीन थांबायची नाही," मुख्य बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, खरंखुरं वाईट वाटलेलं होतं. "यादीत आणखी एकजण आहेत. काय करू सांगा."

"त्यांनाच घ्या," धाकटी म्हणाली. पलीकडून फोन ठेवला गेला तरी तिने बराच वेळ आपला कानालाच धरून ठेवला होता.

मग ती त्या झाडांच्या मागे हात धुऊन लागली. बुडालेला काळोख भरून काढायचा म्हणून पाचाऐवजी चारलाच पडदा ओढायची आणि सकाळी नऊला उघडायची. एक तारीख आली आणि गेली. दोन आठवड्यांनी शेंड्याच्या पानांवर तांबूस शिरा दिसायला लागल्या, आणि पाहता पाहता सगळं काचघर लालेलाल झालं, अगदी वेळेवर. "बघ, तू होतीस म्हणून!" दादा म्हणाला. खरं सांगायचं तर तिची कॉलर ताठ झाली. घरच्या अठराशे झाडांना आपण ओढून काढलं, या विचाराने नोकरी गेल्याचं दुःखसुद्धा थोडं हलकं झालं.

माल भरायला खोकी कमी पडली, तशी ती शोधायला बॉयलरशेजारच्या जुन्या, छोट्या काचघरात गेली. तिथे मोडकी अवजारं आणि फुटक्या कुंड्या पडलेल्या असायच्या. मागच्या फळीवर वीस-पंचवीस लालपानं होती. शरदाच्या सुरुवातीला वेडीवाकडी म्हणून तिनेच बाजूला काढलेली. केव्हाच फेकली असतील असं ती समजून होती. ती सगळीच्या सगळी लाल होती, मोठ्या काचघरातल्या इतकीच.

आधी तिला हसूच आलं. मग हसू जागच्या जागी विरलं. इथे पडदा नव्हता. इथे कधीच कोणी पडदा लावला नव्हता.

काचेतून समोरच्या रस्त्यापलीकडे बाटल्यांचा कारखाना दिसत होता. तो आला त्या वर्षी त्याचे उंच खांबांवरचे दिवे रात्रभर या काचांवर जळायचे आणि लालपान हिरवंच राहायचं, म्हणून तर बाबांनी काळं कापड आणलं. एरवी शरदातली रात्रच या झाडाला पुरेल एवढी लांब असते. कारखान्याला टाळं लागून चार वर्षं झाली होती. हे गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, धाकटीलाही होतं. पण रोज पाचला ती दोरी ओढण्यात आणि फटी शोधण्यात गढलेली. बाहेर आता दिवा नाही म्हणजे आत पडदा नको, एवढा साधा विचार तिच्या डोक्याला शिवलाच नव्हता. बाबांनी पाच सांगितले होते, कारण सांगितलं नव्हतं; दिव्यांची ती जुनी गोष्ट तिने कधीतरी ओझरती ऐकलेली, एवढंच. चार शरद!

वहिनी पाण्याची झारी घेऊन आत आली आणि तिचा चेहरा बघून दारातच थबकली. "मी नुसतं पाणी घालत होते गं," ती म्हणाली. "टाकवेना मला."

धाकटीने त्यातली एक कुंडी उचलली आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन दादाच्या पुढ्यात ठेवली. "याला कोणी पडदा ओढला?"

"कोणीच नाही," दादा म्हणाला. खोटं बोलायची सोय होती, पण बोलला नाही.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"कारखाना बंद झाला त्याच वर्षी. पडद्याचा एक कोपरा फाटला होता, तुझ्या लक्षात आला नव्हता. तिथलीही झाडं लाल झाली."

"आणि ते तीन दिवस? तू विसरला नव्हतास."

"नाही. गरज नव्हती म्हणून ओढला नाही. तू आल्यावर सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं, तुझी शप्पथ! जा म्हणणार होतो. पण विसरलास असं तूच म्हणालीस. मग रडलीस, आता कशी जाऊ म्हणालीस..." त्याने कुंडी बाजूला सरकवली. "मी काहीच केलं नाही गं. नुसता गप्प बसलो."

"का?"

"तू गेली असतीस. बाबा गेल्यापासून मला एकट्याला या सगळ्याची धास्ती वाटते."

पन्नाशी उलटलेला माणूस, डोळे पुसायला लागला. धाकटीला वाटलं, याच्या एक कानशिलात द्यावी. आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. त्या किवेचाच तिला जास्त संताप आला. बारा वर्षं तिला कापडाने नाही, या किवेनेच बांधून ठेवलं होतं.

"हो, गेले असते," ती म्हणाली. "आणि दर रविवारी आले असते. तुझ्याशी भांडले असते, वहिनींच्या हातचं जेवून संध्याकाळच्या बसने परत गेले असते. आता कुठे ना कुठे जागा निघेल तेव्हा जाईन, आणि पुन्हा या दारात पाय ठेवणार नाही."

"आणि तोपर्यंत?" दादाने खालमानेने विचारलं.

"तोपर्यंत इथेच. दुसरीकडे आहे का मला कुठे जागा?"

पाच वाजले. ती सवयीने अर्धवट उठली आणि पुन्हा खाली बसली. लालपानाच्या दिवसांत पाचच्या चहाला त्या घरात दोनच कप निघायचे. वहिनीने गुपचूप तिसरा काढला आणि तिच्यापुढे सरकवला. तिघंही बसून राहिले. या वेळेला ती घरात असण्याची कोणालाच सवय नव्हती, तिला तर मुळीच नव्हती. चहा होता तिथेच निवत गेला.