पाल्य, वय वर्षे शहात्तर

विश्रांतवाडीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीची, कुसुमताईची, अर्धांगवायूने वाचा गेली त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून रोज दुपारी चारला ती तिथून आणि मी कोथरूडहून मोबाईलवर लुडो खेळतो. माझी सोंगटी मारली की ती हसरा चेहरा पाठवते. आमचं बोलणं म्हणाल तर एवढंच.

सोमवारी त्या लुडोला शहाणपण सुचलं. म्हणे खातं उघडा, संमती द्या, नाहीतर खेळ बंद. अरे, सोंगट्या सरकवायला खातं कशाला? मी काय फ्लॅट घेतेय? ताईला फॉर्म भरणं जमायचं नाही, म्हणून तिचंही खातं मीच उघडायला घेतलं. एकोणीस पानी अटी वाचल्या. त्या वाचणारी पृथ्वीतलावर बहुधा मी एकटीच. मग प्रश्न आला, 'खातं कोणासाठी? स्वतःसाठी की दुसऱ्या कुणासाठी?' एकतीस वर्षं कचेरीत लोकांचे अर्ज तपासलेत मी. खोटी नोंद माझ्या हातून होत नाही. 'दुसऱ्या कुणासाठी' दाबलं.

झालं! दुसरं कुणी म्हणजे लहान मूलच, असं त्या दीडशहाण्याने परस्पर ठरवून टाकलं. शहात्तर वर्षांची माझी ताई 'पाल्य' झाली आणि पालकाची संमती येईपर्यंत तिला मोठ्यांबरोबर खेळायला बंदी. संमतीपत्रात चौकोन दोनच: 'मी आई आहे' आणि 'मी वडील आहे'. बहिणीला जागाच नाही!

"उल्कामावशी, दाब ना त्यातलं काहीतरी. कोण बघतंय?" ताईचा मुलगा केयूर फोनवर म्हणाला. संगणक अभियंता आहे हा. डोळे मिटून 'मान्य' दाबायचाच पगार मिळत असावा.

"तू बघत नाहीस म्हणून कुणीच बघत नाही होय रे?" मी फोन ठेवला.

कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर आलं, 'आपल्या पाल्याची सुरक्षितता आम्हाला मोलाची वाटते.' कप्पाळ! पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. मीही हटून बसले.

गुरुवारी दुपारी केयूरचा फोन आला. या वेळी आवाज उतरलेला होता. "मावशी, आई रोज चारला मोबाईल घेऊन बसते. आज जेवलीही नाही. तिला वाटतंय, तू रुसलीस. तुझं तत्त्व मी तिला कसं समजावू?"

मला माझीच लाज वाटली. आमची आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. पुढे माझ्या प्रगतिपुस्तकावर 'पालक' म्हणून सही करायची ती ताई. सतरा वर्षांची पोर! ती खोटं लिहितेय, असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

मी 'मी आई आहे' दाबलं.