बारावा टोला

दोर कापायचा की ठेवायचा, एवढाच काय तो प्रश्न होता. पण त्या प्रश्नापायी काकूंना आठ दिवस धड जेवण गेलं नव्हतं, तेव्हा तो एवढाच नसावा.

प्रार्थनाघराच्या ओसरीत, दाराच्या डाव्या अंगाला, घंटेचा दोर लोंबत असे. खालच्या टोकाला हाताच्या मळाने काळी, गुळगुळीत झालेली गाठ. तीस वर्षं ती काकूंच्या यजमानांच्या मुठीत होती; ते गेल्यापासून नऊ वर्षं काकूंच्या. आता पक्षाने प्रार्थनाघराला यंत्र भेट दिलं होतं. बटण दाबलं की घंटेचा आवाज चार कर्ण्यांतून पार नदीपलीकडे जाणार. मग दोराचं काय काम?

"लोंबता राहिला तर वाईट दिसतं, काकू," पक्षाचे गावातले अध्यक्ष म्हणाले होते. "आणि तुमचंही वय झालं. आराम करा आता."

"आराम मी मेल्यावर करणारच आहे. तुला कसली घाई?"

अध्यक्ष हसले. हसायची त्यांना सवय होती, गावातल्या प्रत्येक खांबावर ते हसत होते. बटण तुम्हीच दाबायचं, काकांबद्दल दोन शब्द बोलायचे, पाटीवर काकांचं नाव येणार आहे, असं सगळं सांगून झाल्यावर जिना उतरता उतरता म्हणाले, "दोराचं कार्यक्रमानंतर बघू."

पुढाऱ्याच्या तोंडच्या 'बघू'चा अर्थ काय, हे काकूंना चाळीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

टोले बारा. सकाळी बारा, संध्याकाळी बारा. पण ते सलग नसत. अकरा टोले एका दमात द्यायचे, मग दोर हातात धरूनच रस्त्याच्या टोकाकडे बघायचं. कुणी लगबगीने येताना दिसलं तर तो आत पोचेपर्यंत थांबायचं. मग बारावा टोला, मग दार बंद. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. "देव थांबतो," यजमान म्हणायचे, "मग आपल्यालाच कुठली गाडी पकडायची आहे?"

आणि रोज संध्याकाळी मास्तर यायचे. यायचे म्हणजे समोरून जायचे. काखेत वर्तमानपत्र, पायात करकरणाऱ्या वहाणा. देव-धर्म ही माणसाची पांगुळगाडी आहे असं त्यांचं मत, आणि ते त्यांनी शाळेत, सभेत, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे सांगून झालेलं. तरी यजमान त्यांच्यासाठीही दोर अडवून धरायचे.

"आज तरी?" यजमान विचारायचे.

"आज नाही," मास्तर म्हणायचे.

मग बारावा टोला पडायचा. इतकी वर्षं हेच चाललं, आणि दोघांपैकी कुणाला त्यात काही विनोद वाटला नाही.

ते दिवसही काही फार सोन्याचे नव्हते. तेव्हा राज्य मास्तरांच्या बाजूचं होतं. प्रार्थनेला कोण जातं याच्या याद्या व्हायच्या, जुन्या चालीरीतीचं नाव काढलं की लोक ओठ मुरडायचे. यजमानांनी त्याविरुद्ध पत्रकं काढली आणि अकरा महिने तुरुंगात बसले. त्या अकरा महिन्यांत तुरुंगातली चिठ्ठी कोण आणून द्यायचं? मास्तर. राज्य त्यांचं, तुरुंग त्यांचा, पण सायकल मारत यायचे आणि दारातूनच म्हणायचे, "वहिनी, तुमच्या नवऱ्याचं अक्षर अजून सुधारलेलं नाही." मग मुलीची गणितं तपासून, चहा न घेता जायचे.

पुढे राज्य पालटलं. ज्यासाठी यजमानांनी तुरुंगातली भाकरी खाल्ली, ते सगळं आलं. धर्माचं नाव घ्यायला कुणी लाजेनासं झालं. त्या रात्री यजमान रडले होते. काकूंनी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. आणि मग हळूहळू, दुधाला विरजण लागावं तसं काहीतरी होत गेलं. प्रार्थनाघरात माणसं कमी आणि बाहेर फलक जास्त. मान खाली घालायला शिकवायचं होतं, तर लोक मूठ वर करायला शिकले. जुन्या चालीरीतींवर घशाच्या शिरा ताणून बोलणाऱ्यांच्या घरी म्हातारी आई वेगळं ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवू लागली. आपल्याला वाटलं, सत्ता आली की संस्कृती मागोमाग येईल, काकू मनाशी म्हणत. सत्ता आत येऊन बसली. संस्कृतीला तिने बाहेर चपला राखायला ठेवलं.

काकूंचा विश्वास मात्र इंचभरही सरकला नव्हता. आजही त्यांना वाटे की घराला धाक हवा, शब्दाला किंमत हवी आणि माणसाने दिवसातून एकदा तरी आपल्याहून मोठ्या कशापुढे गप्प बसावं. सरकले होते ते दुसरे. म्हणून आपल्याच माणसांत त्या परक्यासारख्या झाल्या होत्या.

दोन महिन्यांपूर्वी मास्तरांनी अध्यक्षांच्या कारभारावर वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, आणि सकाळी त्यांच्या दाराला डांबर फासलेलं निघालं. काकू रॉकेल आणि चिंध्या घेऊन गेल्या. एका फळीवर त्या, दुसऱ्या फळीवर मास्तर. "तुमच्याकडच्यांचं काम दिसतंय," मास्तर म्हणाले. "आमच्याकडच्यांचंच," काकू म्हणाल्या. मग डाग निघेस्तोवर दोघंही घासत राहिले.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी वायरमन घंटेचा आवाज भरून घ्यायला आला. अध्यक्षांनी त्याला बजावलं होतं, "काकूंची घंटा जशीच्या तशी घे. एक टोला कमी होता कामा नये." त्याने ओसरीच्या खांबाला माईक बांधला, यंत्र सुरू केलं आणि तो समोर चहाला गेला. परत आल्यावर पहिले दोन टोले ऐकले, "खणखणीत आलंय," म्हणाला आणि पेटी उचलून चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव, खुर्च्या, वरून आलेले पाहुणे. ओसरीला शिडी लावलेली, आणि शिडीपाशी कोयता घेऊन एक माणूस तयार उभा. म्हणजे कार्यक्रमानंतर 'बघणार' ते हे. काकूंनी ते पाहिलं आणि बटण दाबलं.

एक, दोन, तीन. कर्ण्यांतून आवाज असा फुटला की झाडावरची पाखरं उडाली. अकरा टोले झाले, आणि शांतता. अध्यक्षांनी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच धरून ठेवले. पाहुणे बावरले. पण मांडवातल्या म्हाताऱ्या माणसांच्या माना आपोआप रस्त्याकडे वळल्या. सवयच तशी. आता कोण येतंय?

कर्ण्यातून टक टक ऐकू आलं. काठीचं. मग काकूंचाच आवाज, गावभर, "आज तरी?"

"आज नाही, वहिनी," मास्तरांचा आवाज. "गुडघा धरलाय. आणि त्या खांबावर तुमच्या अध्यक्षाचं तोंड पाहिलं की उरलीसुरली श्रद्धाही पळते."

"उरलीसुरली? म्हणजे होती तर!"

मास्तर खुदकन हसले. नदीपलीकडेही ते ऐकू गेलं असणार. मग बारावा टोला.

मांडव हसत सुटला. अध्यक्ष लालबुंद होऊन वायरमनकडे वळले. "साहेब," तो काकुळतीने म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना, जशीच्या तशी घे!"

काकूंना बोलायला उभं केलं ते घाईघाईने, विषय बदलायला. त्यांनी रात्री जागून चार पानं लिहिली होती. ती त्यांनी उघडलीच नाहीत.

"दोनच शब्द बोलते," त्या म्हणाल्या. "आमचे अध्यक्ष लहानपणी रोज उशिरा यायचे. एक बूट पायात, एक हातात. ह्यांनी किती वेळा दोर अडवून धरला, सांगता येणार नाही. दार कधी त्यांच्या तोंडावर बंद झालं नाही. यंत्र चांगलंच आहे. पण यंत्र रस्त्याकडे बघत नाही." त्यांनी कोयतेवाल्याकडे पाहिलं. "मास्तरांसाठीही हे रोज थांबायचे. त्यांच्या दाराला आपल्यातल्या कुणीतरी डांबर फासलं. मला ह्यांचं नाव पाटीवर नको. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. मला दोर ठेवा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्ष बराच वेळ आपल्या बुटांकडे बघत राहिले. दोन्ही पायांत होते. मग काकूंकडे न बघता शिडीपाशी उभ्या असलेल्या माणसाला म्हणाले, "राहू दे."

पाटी लागली, त्यावर अध्यक्षांचंच नाव लागलं. काकूंना ते अपेक्षित होतं. तरी संध्याकाळी ओसरीत येताना त्यांनी तिकडे पाठ केली. आवाज पुन्हा कधी भरणार, असं काकूंनी विचारल्यावर वायरमन खांदे उडवून म्हणाला होता, "बघू."

अकरा टोले झाले. रस्त्याच्या टोकाला काठी दिसली. काकू गाठ धरून थांबल्या. आज फारच वेळ लागत होता.

"आज तरी?"

मास्तर ओसरीच्या पायरीशी थांबले. "माझा गुडघा धरलाय हे आता गावभर झालं. पुढे जायला निघालो तर लोक म्हणतील, म्हातारा हट्टी आहे." ते कण्हत पायरीवर टेकले आणि वर्तमानपत्र मांडीवर पसरलं. "हे आत येणं नव्हे हं, वहिनी. ही पायरी आहे."

"पायरीच आहे," काकू म्हणाल्या.

आणि त्यांनी दोर ओढला.