कोयंडा काढलेली पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझा तुमच्यावरही पुरता विश्वास नाही. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला बसलात की माझ्या पोटात काय आहे ते बघायला, हे मला अजून कळलेलं नाही. राग मानू नका. संशय माझ्या पत्र्यातच आहे.

माझा जन्म नगरचा. झेंडीगेटाजवळ रशीदभाई म्हणून कारागीर होते. त्यांनी मला ठोकून आकार दिला, हिरवा रंग दिला, झाकणावर दोन गुलाब काढले आणि सगळ्यात शेवटी पितळी कोयंडा बसवला. हा पाहिला की भल्याभल्यांचे हात मागे सरतात, असं ते म्हणाले. मी इतकी फुगले की त्या दिवशी माझ्यात अख्खं लग्नघर मावलं असतं.

पुणतांब्याच्या पुष्पावतीनं लग्नानंतर मला सासरी नेलं. सासर शनिशिंगणापूर. टेम्पो थांबला, मी घर पाहिलं आणि धसकाच घेतला. घराला दार नव्हतं. शेजारच्या घरालाही नव्हतं. देव राखण करतो म्हणून त्या गावात कुणी कडी लावत नाही की कुलूप घालत नाही. सासूबाई केशरबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मुलाला, मच्छिंद्रला म्हणाल्या, "पक्कड आन. हिचा कोयंडा काढून टाक. आपल्यात चालत न्हाई."

कोयंडा निघताना मी अशी करकरले, की घोडेगावच्या बाजारातल्या म्हशी दावी तोडून पळाल्या. खोटं वाटत असेल तर जाऊन विचारा. म्हशींना.

घराच्या पुढच्या भागातच त्यांचं दुकान होतं. तेल, रुईच्या पानांच्या माळा, काळं कापड, असं शनिदेवाला वाहायचं सामान. मला दुकानाच्या मागच्या भिंतीशी ठेवलं. समोर दार नसल्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक माणूस मला दिसे, आणि प्रत्येक माणूस मला चोर वाटे. पण वर्ष गेलं तरी पुष्पावतीशिवाय माझं झाकण कुणी उचललं नाही. त्या गावची रीतच तशी होती. कुलूप नाही, म्हणून दुसऱ्याच्या झाकणाला हात लावायचा नाही. ही रीत मला चोरीपेक्षाही जास्त संशयास्पद वाटायची.

माझ्या पोटात तेव्हा फार काही नव्हतं. जांभळी सुती पातळं, त्यांना मोहरीच्या रंगाचा रुंद काठ, आणि खणाच्या कोपरापर्यंत बाह्यांच्या चोळ्या. पुष्पावतीनं हा रंग लग्नाआधी पुणतांब्याच्या बाजारात स्वतः निवडला होता, आणि एक पातळ विरलं की ती तसंच दुसरं घ्यायची. शिंगणापुरात सगळी दुकानं एकसारखी, तेच डबे, त्याच माळा. बाहेरगावची माणसं आमचं दुकान ओळखायची ती या पातळावरून. जांभळ्या काकूंचं दुकान. चपला आमच्याकडे, पिशव्या आमच्याकडे, गर्दीत चुकामूक झाली तर भेटायचंही आमच्याकडे.

मग त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला ते पुस्तक आलं. गुळगुळीत कागदाचं, रंगीत चित्रांचं, कुठल्याशा मोठ्या शहरातल्या कंपनीचं. त्यातलं कूपन कापून पोस्टात टाकायचं, की कपडे घरी येतात. पार्सल आणलं की पोस्टमनला पैसे द्यायचे आणि मगच फोडायचं. आधी बघायची सोय नाही. मला विचाराल तर जे आधी बघू देत नाहीत त्यांच्याकडून चिंधीसुद्धा घेऊ नये, पण पेटीला विचारतो कोण?

दुपारी गिऱ्हाईक नसे. शेजारच्या बाया चिडवून जात, की अगं पुष्पे, तुझं पातळ अंगालाच शिवलंय का. ती हसायची, पण त्या गेल्या की पुस्तक उघडायची. चित्रातली बाई कमरेवर हात ठेवून उभी असे. पुष्पावतीही तेलाचं माप हातात घेऊन तशीच उभी राहून बघायची. माळा बांधायची कात्री शेजारीच. चुलीवरचा चहा उकळायच्या आत कूपन कापलेलं असे. चहा पिता पिता तिला ती साडी आपलीच वाटू लागे.

पोस्टमन काकासाहेब पार्सलं आणू लागले. पहिल्या पार्सलात चमकीची साडी. पुस्तकात ती मोतिया रंगाची होती, आमच्याकडे पोचली तेव्हा सुजलेल्या हिरडीच्या रंगाची झाली होती. तिला प्रथम उन्हात धरलं तेव्हा गावातले सगळे कोंबडे भर दुपारी आरवले. मग झालरीचा गाऊन आला. मग आणखी साड्या. एकदा अंगावर चढवायची, आरशात खट्टू व्हायचं, आणि मला आणून द्यायची. त्यांच्या चमक्या माझ्या पत्र्याला टोचायच्या. मी त्यांना गाव विचारलं, त्या बोलल्या नाहीत. ज्याला गाव सांगता येत नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. जांभळी पातळं मात्र रोज थोडी थोडी खाली जात पार तळाला गेली.

केशरबाईंनाही संशय आला. येणारा माल जातो कुठं, सून माहेरी तर धाडत नाही ना? पण त्यांनी माझ्या झाकणाला बोट लावलं नाही. रीत म्हणजे रीत. माझ्यासमोरून जाताना नुसतं डोळे बारीक करून बघायच्या. त्या घरात माझ्या स्वभावाचं तेवढं एकच माणूस.

आणि शनि अमावास्या आली. एवढ्या गर्दीत आपण उठून दिसायचं, असं ठरवून पुष्पावतीनं चमकीची साडी नेसली. पण सकाळपासून जुनी गिऱ्हाइकं दुकानात डोकावून पुढं जात होती. शोधत होती आम्हालाच.

सुप्याच्या कारखान्यातला छगन दर वर्षी यायचा, आई आणि पाच-सहा वर्षांची वैजू यांना घेऊन. अंघोळ करून ओलं धोतर नेसून तो शनिदेवाच्या चौथऱ्याकडे गेला, आणि इकडे रेटारेटीत आजीच्या हातातून पोरीचा हात सुटला. आजी धापा टाकत आमच्या दुकानात येऊन बसली. पोर येईल म्हणाली, तिला शिकवून ठेवलंय. कुणी नावानं हाक मारली तरी जायचं न्हाई, फक्त जांभळ्या काकूकडं जायचं.

बोलता बोलता आजीनं पुष्पावतीच्या चमकीच्या साडीकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात मला ती दिसली. वैजू. दुकानासमोरच होती. प्रत्येक दुकानाकडे बघत, ओठ घट्ट मिटून चालली होती. पुष्पावतीनंही पाहिलं आणि हाक मारून ती पुढं धावली. पोरीनं मागं वळून बघितलं. अनोळखी चकचकीत बाई आपलं नाव घेत धावत येतेय. वैजू जी पळाली ती माणसांच्या पायांतून दिसेनाशी झाली. पलीकडे जीपगाड्या, टेम्पो, सगळ्यांचे ड्रायव्हर निघायच्या घाईत.

छगन ओलेत्यानंच धावत आला. पुष्पावती माझ्याकडे धावली. एका हिसक्यात झाकण वर. चमक्या, झालरी, सगळं भराभर बाहेर फेकून तिनं तळाशी हात घातला. जांभळं पातळ घेऊन आत गेली ती नेसूनच बाहेर आली. मच्छिंद्रनं आणि छगननं मला ओढत रस्त्यावर नेलं आणि ती माझ्यावर चढली. माझ्या झाकणावरचा हा पोचा त्याच दिवसाचा. एका गुलाबाचं नाक बसलं. पण मी वाकले नाही. वाकले असते तर काठ दिसला नसता.

ती हाक मारत नव्हती. नुसती उभी होती, पदराचा काठ दोन्ही हातांनी उंच धरून.

एका जीपचं इंजिन सुरू झालं आणि तिच्या मागच्या चाकापासून काहीतरी हललं. वैजू सरपटत बाहेर आली. सरळ आमच्याकडे आली, पण हात धरला नाही. आधी काठ बोटांत धरून चोळून पाहिला. मग म्हणाली, "मघाशी एक चमकीवाली बाई मला बोलवत हुती. म्या गेलेच न्हाई."

पुष्पावती खाली उतरली आणि तिला पोटाशी धरून म्हणाली, "बरं केलंस बाई."

त्या दिवशी केशरबाईंनी बाहेर पडलेल्या साड्या पाहिल्या, सगळं ओळखलं, आणि कधी नव्हे ते सुनेला चहा करून दिला. चमकीची साडी पुढं तेलाच्या डब्यांवर झाकण म्हणून गेली. पुस्तकं अजून येतात. कूपन कापायची हौसही गेलेली नाही. पण कापलेलं कूपन आता पोस्टात जात नाही, माझ्यात येतं, आणि पुढची अमावास्या होईपर्यंत माझ्यातच राहतं. अमावास्येला पुष्पावती ते बाहेर काढून बघते आणि बहुतेक वेळा विचारते, हे मी कशाला कापलं होतं?

वैजू दर वर्षी येते. आल्या आल्या माझं झाकण उचलून आत चमकी आहे का ते तपासते. अख्ख्या गावात दुसऱ्याचं झाकण उचलणारी ती एकटीच, आणि तिला कुणी रागावत नाही. कोयंड्याच्या जागी राहिलेल्या भोकांत ती बोट घालते. मला वाटतं, तो कोयंडा असता, त्याला कुलूप असतं आणि किल्ली ऐनवेळी सापडली नसती, तर?

म्हणून मित्रांनो, नवं काही मागवण्याआधी आपल्या पेटीच्या तळाशी एकदा हात घाला. तिथं जे दबून पडलं असेल, त्याच्यावरून तुम्हाला गर्दीत कुणीतरी शोधत असतं.

आता झाकण लावा. हळू. आणि माझ्या पोटात काय आहे ते बघून झालं असेल, तर तसं सांगा. मी रागावणार नाही.