पितळी कडेचं भिंग

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. माझी पितळी कड काळवंडली आहे आणि मुठीला चीर गेली आहे. पण काच अजून ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मला घासून आकार कुणी दिला ते आठवत नाही. आठवतात त्या डॉक्टर वैजयंतीबाई. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्या त्वचारोग शिकवत. आधी पेशंटच्या अगदी जवळ जायचं, भिंगातून बघायचं, हाताने चाचपायचं आणि मगच तोंड उघडायचं, हा त्यांचा शिरस्ता. ऋता नावाची त्यांची विद्यार्थिनी पहिल्याच दिवशी खरजेच्या पेशंटपासून दोन हात लांब उभी राहिली आणि तिने भरपूर बोलणी खाल्ली. तीच पुढे इतकी तयार झाली, की शेवटच्या परीक्षेनंतर बाईंनी मला तिच्या हातात ठेवलं. मी तर हुरळूनच गेलो!

१९९२ साली डॉ. ऋतांनी कोपरखैरण्यात पहिल्या मजल्यावर दवाखाना थाटला. सुरुवातीला माश्या मारायची वेळ होती. मग रबाळ्याच्या कारखान्यांतले हात सोललेले कामगार येऊ लागले, मुरुमांनी रडकुंडीला आलेल्या कॉलेजच्या मुली आल्या. केस गळणारे लग्नाळू तरुण तर टोपी घालूनच जिना चढायचे. "या भिंगाशिवाय माझं पान हलत नाही," असं डॉ. ऋता सगळ्यांना सांगायच्या.

पण १९९६ साली दवाखान्यात लांब दांड्याचा, भिंग आणि दिवा एकत्र बसवलेला मोठा लॅम्प आला. गर्दी वाढली होती, त्याबरोबर घाईही. माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली, सेफ्टी पिना आणि रिकाम्या ट्यूबांच्या शेजारी. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्याच दिवाळीच्या सुमारास सारसोळ्याच्या यशोदाबाई आल्या. मासळी विकणाऱ्या, बोलायला खणखणीत. पण त्या दिवशी डोळे भरलेले. टाळूवरचे केस पार विरळ झाले होते आणि वैशाखात लेकीचं, जाईचं लग्न होतं.

"डाक्टरीनबाय, वेनी माळून मांडवान उबी र्‍हाले नि टालू दिसली, तं लोकं हासतील. मी आपली घरानच बसेन."

डॉ. ऋतांनी लॅम्पखाली पाहिलं, रक्त तपासलं, लावायला औषध दिलं. संक्रांत आली तरी केस जैसे थे.

जानेवारीतल्या एका दुपारी यशोदाबाई खुर्चीत बसल्या आणि नेमके लाइट गेले. लॅम्प विझला. डॉ. ऋतांनी ड्रॉवर चाचपून मला काढलं आणि यशोदाबाईंना खिडकीशी बसवलं. किती दिवसांनी मी कुणाच्या इतक्या जवळ गेलो! केस मुळापासून गेलेच नव्हते. घासून घासून तुटलेले आखूड खुंट होते. त्यांत अडकला होता कापडाचा एक धागा आणि एक चमचमता माशाचा खवला.

"यशोदाबाई, डोक्यावरून काही नेता का तुम्ही?"

"म्हावऱ्याची पाटी नेते ना. खाली चुंबल ठेवते फडक्याची."

"रोज? मग मला ती पाटी कधीच कशी दिसली नाही?"

"खाली वाचमनकरं ठेवते. तुमचे दवाखान्यान वास नको."

डॉ. ऋतांनी मला बाजूला ठेवलं. "चुकलं माझं. खाणंपिणं, ताप, आजार सगळं विचारलं. रोज डोक्यावर काय असतं, तेवढंच विचारायचं राहिलं."

औषध बंद झालं. पाटी डोक्यावरून उतरली आणि जावेच्या मालाबरोबर रिक्षातून नेरूळच्या बाजारात जाऊ लागली. यशोदाबाई कुरकुरल्या, पण एका जागी बसून धंदा करू लागल्या.

वैशाखात डॉ. ऋता मला पर्समध्ये घालून लग्नाला गेल्या. यशोदाबाई मांडवाच्या तोंडाशीच उभ्या होत्या, अंबाड्यावर ही भली मोठी वेणी. सगळ्या पाहुण्यांदेखत त्यांनी मान खाली वाकवली.

"बगा, काढा तुमचं भिंग!"

रेशमी साडीतल्या डॉ. ऋतांनी मला खरंच काढलं. टाळूवर दोन बोटं उंच काळेभोर केस उभे होते. माझ्या काचेवर टपकन पाण्याचा थेंब पडला. तो डॉ. ऋतांचा होता.

तेव्हापासून मी टेबलावर असतो. मित्रांनो, मला पुसायचं झालं तर मऊ सुती फडक्याने पुसा, खरखरीत कापडाने ओरखडे पडतात. आणि यशोदाबाई बाजारातून पाटी हातात घेऊन आल्या की वॉचमनला सांगा, वास आला तरी चालेल, पाटी खाली ठेवून घेऊ नकोस. आमच्या डॉक्टरीणबाईंनी ती वर मागवली आहे.