चिमीची वाक्यं

इंग्रजीतल्या ‘टेक’ या एका क्रियापदाने, शब्दकोश रचणारे म्हणून ज्यांना सगळे शब्दवाले म्हणत, त्या गृहस्थांच्या नाकी नऊ आणले होते. घेणं, नेणं, धरणं, गिळणं, फोटो काढणं, वर परीक्षा देणंसुद्धा! घेणं आणि देणं एकाच शब्दात कोंबणाऱ्या लोकांना काय म्हणावं? पण खरी पंचाईत आज सकाळी झाली. छापखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. शब्दकोश फार जाड होतोय, ‘टेक’ची निम्मी वाक्यं संध्याकाळपर्यंत उडवा म्हणाला. आणि वाक्यं तर बायकोची.

घरातली वाटणी जुनी होती. अर्थ आणि शब्दाचं मूळ शब्दवाले लिहायचे, वापराची वाक्यं ती. ‘टेक’ची सगळी वाक्यं तिने चिमीवर लिहिली होती. चिमी त्यांची एकुलती एक. सहा वर्षांची असताना तापाने गेली. वाक्यांत मात्र ती वाढतच राहिली. चिमीने परीक्षा दिली. चिमीने आगगाडी पकडली. चिमीने नोकरी धरली. चिमीने रजा घेतली, कारण तिचं बाळ आजारी होतं. शब्दवाल्यांनी हे कधीच ओळखलं होतं, पण दोघांनीही त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

“अगं, निम्मी काढायला सांगितलीयेत,” ते चाचरत म्हणाले.

ती भांडेल असं त्यांना वाटलं होतं. तिने लाल पेन्सिल पुढे सरकवली. “तुम्हीच काढा. शेवटाकडून.”

ते एकेका वाक्यावर पेन्सिल ठेवत, ती मान हलवी, मग ते रेघ मारत. बाळ गेलं. नोकरी गेली. आगगाडी गेली, परीक्षाही गेली. मेल्या मॅनेजरला काय ठाऊक, आपण काय कापायला लावतोय ते!

“झाली निम्मी,” ते म्हणाले.

तिने वाकून पाहिलं. वर चिमीने बोट धरलं होतं, मग फोटो काढला होता. शेवटी उरलं होतं, चिमीने औषध घेतलं.

“अहो, तिथे नका ना थांबवू,” ती म्हणाली. “ही खरी झालेली आहेत, ती राहू देत. पण औषधाच्या पुढे एक तरी असू दे.”

“जागाच नाही गं.”

मग त्यांची नजर स्वतःच्या मजकुरावर गेली. हा शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दींनी इंग्लंडात कसा आणला, त्याने तिथल्या जुन्या शब्दाला कसं हुसकावून लावलं, हे त्यांनी डोळे फोडून लिहिलं होतं. साऱ्या कोशात त्यांना त्याचाच काय तो अभिमान होता. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली आणि परीक्षेचं वाक्य आपल्या हाताने पुन्हा लिहिलं.

ती बराच वेळ ते वाचत बसली.

“पास झाली का हो?”

“झाली की,” शब्दवाले म्हणाले. “पहिली आली आपली चिमी.”

इतक्या वर्षांत तिचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. बायकोने त्यांचा हात धरला, आणि दोघं टेबलाशी बसून ढसाढसा रडली.