नितळस्वामींचं पाणी

"मागे व्हा, मागे व्हा! झाकणाला कुणी हात लावायचा नाही!"

कारखान्याच्या मागच्या भिंतीशी, जिथून रंगखात्याचं सांडपाणी बाहेर पडतं, तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. पहिली पाळी सुटलेली, दुसरी आत जायची थांबलेली, बायका कडेवर पोरं घेऊन आलेल्या. मधोमध पाटावर नितळस्वामी. समोर तांब्याची घागर, आणि तिच्यात नुकतंच नाल्यातून काढलेलं, वाफाळणारं निळंशार पाणी.

स्वामींना शिळं, थंड पाणी चालत नसे. "गरम पाणी म्हणजे जागं पाणी," ते म्हणायचे. "झोपलेल्याला मंत्र ऐकू येतो का?" मग चिमूटभर सुगंधी राख घागरीत, वर झाकण, आणि डोळे मिटून पुटपुटणं. लोकांच्या माना अवघडल्या की झाकण निघायचं. आत निळेपणाचा मागमूस नाही! पेल्यात ओतलेलं पाणी नितळ, फक्त किंचित पिवळसर.

"ही पिवळी झाक म्हणजे तेज," स्वामी म्हणाले. "एका दमात प्या. हवा लागली की शक्ती उडते."

पहिला पेला त्यांनी माझ्या दादाला दिला. दादाने तो दोन्ही हातांनी धरला आणि घटाघट प्यायला. गर्दीने असा काही जयजयकार केला की मला ओरडूनसुद्धा त्याच्यापर्यंत पोचता आलं नाही.

दादा रंगखात्यातला जुना माणूस. आमचे वडीलही तिथेच होते. दादाच्या लघवीतून रक्त जायला लागलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की मूत्राशयात गाठ आहे, रंगातली रसायनं वर्षानुवर्षं अंगात गेल्याने असं होऊ शकतं, आणि ऑपरेशनला उशीर करू नका. तारीखही दिली. स्वामी आले आणि दादाने ती तारीख जाऊ दिली. तो रोज पेलाभर नाला पीत होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. युनियनच्या सेक्रेटरींनी मला गळ घातली होती, म्हणून दर रविवारी युनियनच्या हॉलमध्ये कामगारांचा वर्ग घ्यायचे: नाल्यातून काय वाहतं, विहिरीत काय उतरतं, कायदा काय सांगतो. आधी मंडळी फुकटच्या चहासाठी यायची. मग प्रश्न विचारायला लागली, आणि मग भांडायलाही. त्यातूनच युनियनची मागणी ठरली: सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प कारखान्यातच उभारा, आणि त्याच्या देखरेखीवर कामगारांची माणसं घ्या. सरकारची जनसुनावणी जवळ आली होती. तिथे बोलायचं होतं दादाने. त्याच्या तोंडून जे ऐकू आलं असतं, ते माझ्या शंभर तक्त्यांतून आलं नसतं.

आणि नेमके तेव्हाच स्वामी अवतरले. कारखान्याच्या पाहुणेघरात उतरले, मालकाच्या गाडीतून फिरले. नाला पवित्र झाला, मग प्रकल्प कशाला? मालकाने आधीच पुडी सोडली होती की प्रकल्पाचा फार आग्रह धरलात तर टाळं लागेल. चूल विझायची भीती बसली की माणसाला नितळ पाणी दिसायला वेळ लागत नाही. मला राग यायचा, पण कुणावर काढू? वहिनीवर काढला.

"तुझ्यादेखत तो विष पितो आणि तू बघत बसतेस?"

"मग काय करू?" ती भांडं आदळत म्हणाली. "ऑपरेशनचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करून बसतात. ते पाणी प्यायले की निदान जेवतात तरी. तुम्ही शिकवा वर्ग. मला रात्र काढायची असते."

मी तिच्या हातातलं भांडं घेऊन जागेवर ठेवलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी युनियनची सभा होती. मागणी ठेवायची की मागे घ्यायची, यावर हात वर करायचे होते. मालकाच्या मेहेरबानीने स्वामीही हजर! सेक्रेटरी हताश होऊन माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, संपलं सगळं. आज एवढा चमत्कार झाला की एक हात आपल्या बाजूने उठणार नाही."

घागर आली, राख पडली, झाकण लागलं. सभागृहात फक्त पुटपुटणं. मी स्वामींच्या तोंडाकडे बघायचं सोडून घागरीकडे बघत राहिले. गरम पाणी. झाकण. हवा लागू द्यायची नाही. आणि उघडल्यावर तो पिवळा रंग...

हा रंग मी कुठे पाहिला होता? लहानपणी वडिलांचा डबा घेऊन मी रंगखात्यात जायचे तेव्हा! निळीच्या हौदातून कापड वर काढलं की ते निळं नसतंच मुळी. पिवळट, हिरवट, बघवत नाही असं. वडील ते दांडीवर टाकायचे आणि म्हणायचे, "थांब, हवा खाऊ दे त्याला." बघता बघता ते निळं व्हायचं. हौदात हायड्रोस नावाची पांढरी भुकटी टाकतात, ती निळीचा रंग लपवते. हवा लागली की तो परत येतो. इथे बसलेला प्रत्येक जण हे रोज आठ तास बघत होता. पण खात्यात जे काम, तेच खात्याबाहेर तांब्याच्या घागरीत चमत्कार झालं होतं. रंगाऱ्याचा सगळा भरवसा डोळ्यावर. डोळ्याला पाणी स्वच्छ दिसलं, विषय संपला!

स्वामींनी पेला दादापुढे केला. मी तो मधेच काढून घेतला.

"अहो, हे काय! एका दमात प्यायचं असतं ते!"

"पिऊ की. आधी जरा हवा खाऊ दे."

चहा निववतात तसं मी ते पाणी या पेल्यातून त्या पेल्यात उंचावरून ओतायला लागले. स्वामी उठले. "शक्ती उडेल! पाप लागेल!" मालकाचा एक माणूस माझ्या अंगावर आला, तसे सेक्रेटरी आडवे झाले. मी ओतत राहिले. पाणी हिरवट झालं. मग करडं. मग, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, निळं.

कुणी टाळी वाजवली नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी घसा खाकरला आणि म्हणाला, "आयला, हायड्रोस."

"हो, हायड्रोस," मी म्हणाले. "राखेतच मिसळलेला. वास लपवायला सुगंधी राख. रंग नुसता लपला होता, आणि पाण्यातलं विष तर कुठेच गेलं नव्हतं. भुकटीची त्यात भर पडली, एवढंच. स्वामी, हेच पाणी आता तुम्ही प्या."

स्वामींना एकाएकी दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. मालकाची गाडी बाहेर उभीच होती.

मला वाटलं होतं, आता दादा माझ्याकडे बघेल. तो पेल्याकडे बघत होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"पहिल्याच दिवशी वास आला मला. आयुष्यभर ती भुकटी हाताळलीय, राखेने लपणार आहे का?"

"अरे मग प्यायलास कशाला?" मी सभेत ओरडले. मला रडू फुटलं होतं. "कशाला प्यायलास, दादा?"

"भीती वाटते गं," माझा दादा सगळ्यांसमोर म्हणाला. "पोट फाडून घ्यायची भीती वाटते. ते म्हणत होते बरा होशील. आणि कुणीच म्हणत नव्हतं."

त्याच्या शेजारचा भट्टीवाला मान खाली घालून म्हणाला, "वास आम्हालाही आला होता." मग आणखी दोघं तेच म्हणाले. सेक्रेटरींनी मागणीच्या बाजूने हात वर करायला सांगितले. हात हळूहळू वर गेले, आणि दादाचा हात धरून वहिनीने वर केला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत दादा बोलला. उभं राहवत नव्हतं, म्हणून बसून बोलला. पुढे प्रकल्प मंजूर झाला, देखरेखीवर कामगार आले, कारखान्याला टाळं लागलं नाही. ऑपरेशनही झालं. पण डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं की गाठ पसरली आहे, आधीच्या तारखेला आला असतात तर बरंच काही करता आलं असतं.

त्या स्वामीने माझ्या भावाला काय दिलं विचाराल, तर धीर दिला. आणि त्याच्या बदल्यात ती तारीख घेतली. म्हणून हात जोडून सांगते: आजारी माणसाला धीर आपण द्या, त्याच्या उशाशी बसा, त्याच्याबरोबर दवाखान्यात जा, नाहीतर तो धीर कुणीतरी घागरीतून विकायला आणतो. आणि तुमच्यापुढे कुणी एका दमात पी म्हणून पेला धरला, तर पिऊ नका. नाकाला विचारा, डॉक्टरला विचारा, चारचौघांत ठेवा आणि हवा खाऊ द्या त्याला.

रविवारचा वर्ग अजून चालतो. पुढच्या बाकावर उशी ठेवलेली असते. बरं वाटलं तर दादा येतो.