धाकटीची साक्ष

धाकटीचं अंतःकरण पालटल्याची बातमी थोरलीला सगळ्यात आधी कळली, कारण धाकटी तिला क्षमा करायला थेट घरी आली.

"वहिनी, मी तुम्हाला क्षमा केली," ती दारातच म्हणाली. डोळे भरलेले, हातात केळ्यांची पिशवी.

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल."

थोरलीने पिशवी घेतली. क्षमा फुकटची होती, निदान केळी तरी पाहून आणायची, असं तिच्या मनात आलं. दोन सख्ख्या जावा, पण एकीचं दुसरीशी कधी पटलं नव्हतं.

थोरली चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. पाळकांची खूण दिसावी म्हणून ऑर्गनवर छोटा आरसा बसवला होता. त्यात वर्षानुवर्षं मंडळी पाहून तिचं मंडळीबद्दलचं मत पक्कं झालं होतं. प्रार्थनेत एक डोळा उघडून घड्याळ बघणारे, गाताना नुसते ओठ हलवणारे, गुडघे टेकायच्या आधी खालची धूळ झटकून घेणारे. त्यात नवे पाळक आले आणि त्यांनी साक्षींचं खूळ काढलं. दर रविवारी कुणीतरी उठायचं आणि प्रभूने आपल्याला आतून कसं बदललं ते सांगायचं. काल बायकोवर खेकसलेला आज नम्रतेवर बोलायचा, आणि बायको खाली मान घालून 'आमेन' म्हणायची. उथळ पाण्याला खळखळाट फार, असं थोरली पुटपुटायची. या खळखळाटात सगळ्यात पुढे तिचीच जाऊ. धाकटी अत्तराच्या दुकानात काउंटरवर काम करायची. साक्षीलाही ती त्याच मधाळ आवाजात उभी राहायची, जणू गिऱ्हाइकाच्या मनगटावर आता पवित्र आत्म्याचे दोन थेंब लावून दाखवणार आहे.

घरी आल्यावर थोरली सासूबाईंच्या खाटेपाशी बसून तिची नक्कल करायची. सासूबाईंचं डावं अंग लुळं पडलं होतं, जीभ मात्र ठणठणीत. धाकट्या मुलाने न विचारता आणलेली ही सून त्यांना कधीच आवडली नव्हती. एरवी थोरलीशीही त्यांचं धड बोलणं नसे, पण धाकटीला नावं ठेवायला बसल्या की दोघींचं मेतकूट जमायचं.

"अहो आई, ती काय पापांसाठी रडते?" एकदा थोरली म्हणाली. "घरात पाळणा हलत नाही, म्हणून देवाला मस्का लावतेय झालं."

सासूबाई ठसका लागेपर्यंत हसल्या.

पुढे थोरली चर्चच्या जिन्यावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. ऑर्गन बंद झाला, ते एक ठीक. पण सासूबाईंना उचलायचं कुणी? नवरा फिरतीवर, घरात पाहुण्यासारखा. पगारी बाई ठेवली, ती सासूबाईंच्या तोंडाला कंटाळून पळाली. मग न बोलावता धाकटी आली. दुकान सुटलं की रोज यायची, पदर खोचायची आणि कामाला लागायची.

थोरलीने मनात म्हटलं, चला, रविवारच्या साक्षीला मालमसाला मिळाला. नव्याचे नऊ दिवस.

नऊ दिवस कधीच उलटले, धाकटी येतच राहिली. तिच्या हाताला सुगंधी तेलांचा वास असायचा आणि गळ्यात सूर म्हणून नसायचा. स्पंजने म्हातारीचं अंग पुसताना ती स्तोत्रं गुणगुणायची, तेव्हा पलीकडच्या खोलीत थोरलीचे दात आंबायचे. भक्ती असेल बापडी, पण तालाने काय पाप केलंय?

एका संध्याकाळी धाकटी सूप भरवत होती. थोरली दारात उभी होती. सासूबाईंनी चमचा तोंडाने झिडकारला आणि चांगल्या हाताने वाटीला फटका मारला. गरम सूप धाकटीच्या मांडीवर आणि खाटेवरच्या चादरीवर सांडलं.

"कळतात मला तुझी नाटकं," सासूबाई म्हणाल्या. "पापांसाठी रडतेस होय? घरात पाळणा हलत नाही, म्हणून देवाला मस्का लावतेस!"

वाक्य थोरलीचं होतं. शब्द न् शब्द तिचा.

धाकटी उठली आणि मोरीत गेली. नळ धो धो सुरू झाला. आता ही गुडघे टेकून प्रार्थना करणार, थोरलीला वाटलं, आणि ती न राहवून दाराशी गेली. पाण्याच्या आवाजाआडून धाकटीचा आवाज आला. मधाचा त्यात थेंब नव्हता.

"म्हातारे, जीभ झडो तुझी! मर एकदाची!"

मग बराच वेळ नुसतं पाणी. मग नाक शिंकरल्याचा आवाज. धाकटी बाहेर आली आणि दोरीवरची वाळलेली चादर तिने खांद्यावर टाकली. थोरलीकडे न पाहता ती खाटेपाशी गेली.

"आई, कूस बदला. ओलं झालंय."

त्या रविवारी हात गळ्यात बांधलेली थोरली बाकावर बसली होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच इतरांबरोबर. साक्षीची वेळ झाली. आता माझी सासू, माझा अपमान, माझी सहनशीलता, थोरलीने धाकटीची साक्ष मनातल्या मनात आधीच म्हणून टाकली. पाळकांनी मोठ्या आशेने धाकटीकडे पाहिलं.

"नाही," धाकटी बसूनच म्हणाली. "या आठवड्यात सांगण्यासारखं काही नाही."

पाळकांचा चेहरा पडला. थोरलीला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी तिला स्वतःची इतकी किळस आली, की पुढचं गीत सुरू झालं तेव्हा तिचे नुसते ओठ हलले.

दुसऱ्या दिवशी तिने धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई त्या दिवशी जे बोलल्या ना, ते..."

"तुमचं होतं. माहीत आहे." धाकटी भांडं घासत राहिली. "आई शिव्या देतात, टोमणे नाही मारत. ती कारागिरी तुमची."

"मग तरी येतेस?"

"शिव्या देत येते. अर्धा रस्ता आईंना, अर्धा तुम्हाला. क्षमा केली म्हणून दुकानात सुद्धा सगळ्यांना सांगून बसले होते, वहिनी. करायची बाकी होती, ते इथे आल्यावर कळलं. दाराशी आले की म्हणते, प्रभू, मला आत ढकल. तेवढ्याच्या पुढे माझी प्रार्थना जात नाही."

"माफ कर" हे दोन शब्द तिने आयुष्यात कधी मनापासून उच्चारले नव्हते. शेवटी ते बाहेर पडले, तेही अगदी रागावल्यासारखे. धाकटीने मान हलवली. डोळे भरले नाहीत, गळामिठी झाली नाही. "फडकं द्या," ती म्हणाली.

सासूबाई काही बदलल्या नाहीत. पुढे कित्येक महिने त्यांनी दोघींना सारखंच छळलं, आणि एका सकाळी चहा गार आहे अशी तक्रार करता करता गेल्या. अंत्यविधीला पाळक गहिवरून म्हणाले, की सुनांच्या प्रेमाने या माउलीचं हृदय शेवटी लोण्यासारखं मऊ झालं होतं.

पहिल्या बाकावर धाकटीने थोरलीचा हात घट्ट दाबला. दोघी खाली पाहत राहिल्या. मागच्यांना वाटलं, त्या रडताहेत.